शाळेतल्या मुलांची हृदयतपासणी: स्टेथोस्कोप सगळ्यात शेवटी

शाळेच्या आरोग्य तपासणीत हृदय तपासायची एक ठरून गेलेली रीत आहे. मुलं व्हरांड्यात रांगेत, डॉक्टर खुर्चीवर. शर्टावरूनच छातीच्या डाव्या बाजूला स्टेथोस्कोप टेकवायचा, चार ठोके ऐकायचे आणि ‘पुढचा’ म्हणायचं. रजिस्टरमध्ये ‘हृदय: सामान्य’. या रीतीने मोठ्याने वाजणारा दोष तेवढा सापडतो, आणि असा दोष असलेलं मूल बहुधा तान्हेपणीच कुठल्या तरी डॉक्टरच्या कानाला लागलेलं असतं. शाळेच्या वयापर्यंत लपून राहिलेले दोष वेगळे. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला असलेलं छिद्र म्हणजे एएसडी, महाधमनी एका जागी अरुंद असणं म्हणजे कोआर्क्टेशन, जन्मानंतर बंद व्हायला हवी होती ती नळी उघडी राहणं म्हणजे पीडीए. यातला पहिला दोष फार हळू बोलतो, दुसरा कित्येकदा छातीवर ऐकूच येत नाही आणि तिसरा ज्या जागी ऐकू येतो तिथे कोणी स्टेथोस्कोप ठेवत नाही.

जन्माला येणाऱ्या दर हजार बाळांमागे साधारण ८ ते १० बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. गंभीर दोष असलेली बाळं पहिल्या वर्षभरात ओळखली जातात किंवा दगावतात. उरलेली शाळेत येतात, पाढे म्हणतात, पास होतात, आणि ‘जरा अशक्त आहे’ एवढ्यावर त्यांची वर्षं निघून जातात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची म्हणजे आरबीएसकेची पथकं, शिबिरं घेणाऱ्या संस्था आणि मुख्याध्यापक यांच्यासाठी पुढचा क्रम आहे. त्यातल्या तपासणीत स्टेथोस्कोप शेवटी येतो. त्याच्या आधीची पाच कामं नीट झाली, तर कान कुठे आणि किती वेळ लावायचा ते आधीच ठरलेलं असतं.

टप्पा १: तारीख, खोली आणि यादी

तारीख ठरवताना तालुका बघा. बीड, अहिल्यानगर, जालना अशा ऊसतोडीच्या पट्ट्यात दसरा-दिवाळीनंतर कुटुंबं कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलशिवाय परतत नाहीत. तिथे डिसेंबरमध्ये पथक गेलं तर पटावर नाव आणि बाकावर मूल नाही, अशी गत होते. अशा गावांत सप्टेंबर संपायच्या आत तपासणी उरकायला हवी. पण भर पावसाचा दिवसही नको. पत्र्याच्या छपरावर पाऊस पडत असताना दुसऱ्या ठोक्यातली, म्हणजे ‘लब्-डप्’मधल्या ‘डप्’मधली, बारीक फट ऐकू येणं अशक्य आहे.

खोली रस्त्याकडेची नको, खिचडी शिजते त्या शेडजवळची नको, मैदानाला लागून नको. पंखा बंद करता आला पाहिजे. एक टेबल किंवा सतरंजीवर गादी, एक पडदा आणि दिवसाचा उजेड येईल अशी खिडकी. मुलींच्या तपासणीसाठी महिला डॉक्टर आणि शेजारी शाळेतल्या बाई हव्यातच. ही सोय नसेल तर त्या दिवशी मुलींची तपासणी करू नका, दुसरी तारीख घ्या.

सामान फार लागत नाही: बेल (वाटीसारखी बाजू) आणि डायफ्रॅम (सपाट चकती) दोन्ही असलेला स्टेथोस्कोप, मुलांच्या बोटाला बसेल असा पल्स ऑक्सिमीटर, रक्तदाबाच्या यंत्राला किमान तीन मापांचे कफ, वजनकाटा, उंचीची पट्टी, थर्मामीटर, जादा सेल. नेहमी विसरतात ते लहान कफ.

वेळेचा हिशेब आधीच करा. एका मुलाच्या हृदयाकडे डॉक्टरला नीट बघायचं तर तीन-चार मिनिटं लागतात. ६० मुलं म्हणजे सलग चार तास. दोनशे पटाची शाळा एका दिवसात ‘संपवायची’ असं ठरवून गेलात, तर तपासणी कशी होणार ते तिथेच ठरलं. दिवस वाढवून मागा.

पडताळा: हजेरीपटावरून पूर्ण यादी तयार आहे का? त्यात ‘गैरहजर’ असा वेगळा रकाना आहे का? सारखं आजारी पडणारं मूलच सारखं गैरहजर असतं. त्या दिवशी न आलेल्या मुलांची नावं ही जोखमीची यादी आहे असं समजा आणि त्यांच्यासाठी परत येण्याची तारीख निघण्याआधीच मुख्याध्यापकांकडे लिहून द्या.

टप्पा २: घरी पाठवायचा कागद

मुलाला तपासणीच्या टेबलावर ‘तुला दम लागतो का रे?’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’. आजूबाजूला वर्गमित्र उभे असतात, दुसरं काय सांगणार? हे प्रश्न आठवडाभर आधी पालकांच्या संमतिपत्रासोबत घरी गेले पाहिजेत. भाषा घरातली ठेवा. ‘श्वसनास त्रास होतो काय’ असं लिहिलं की पालक सही करून कागद परत पाठवतात. असं विचारा:

- बरोबरीच्या मुलांसोबत पळताना तुमचं मूल आधी थांबतं का? खेळ सोडून उकिडवं बसतं का?
- रडताना, पळताना किंवा थंडीशिवायही ओठ, जीभ, नखं निळी-जांभळी दिसतात का?
- पळताना किंवा खेळताना कधी चक्कर येऊन पडलं का? छातीत दुखतं किंवा धडधडतं असं म्हणतं का?
- तान्हेपणी दूध थांबून थांबून प्यायचं का? पिताना कपाळावर घाम यायचा का?
- छाती भरून, म्हणजे न्यूमोनिया होऊन, एकापेक्षा जास्त वेळा दवाखान्यात ठेवावं लागलं का?
- ताप येऊन गुडघे, घोटे असे सांधे एकामागून एक सुजले होते का?
- घरात कोणाला जन्मापासून हृदयाचा आजार आहे का? कोणी चाळिशीच्या आत अचानक गेलं का?
- कधी कोणत्या डॉक्टरांनी ‘हृदयात आवाज आहे’ किंवा ‘छिद्र आहे’ असं सांगितलं होतं का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात उपयोगी पडतो. कितीतरी मुलांचं निदान बाळ असतानाच झालेलं असतं, ‘पाच वर्षांनी दाखवा’ असं सांगितलेलं असतं, आणि तो कागद पत्र्याच्या पेटीत तळाशी गेलेला असतो.

विदर्भात काही भागांत पालक लहान बाळाच्या न्यूमोनियाला ‘डबा’ म्हणतात, तेव्हा तोही शब्द कागदावर घाला. आश्रमशाळेत पालक दूर असतात. तिथे सुटीला मुलं घरी जातात तेव्हा कागद द्या आणि परत येताना भरून आणायला सांगा. संमती तपासणीच्या दिवशी अधीक्षकांकडून उरकून घेऊ नका.

टप्पा ३: वर्गशिक्षकांशी दहा मिनिटं

हे छोटं काम कोणी करत नाही. खेळाचे तास घेणारे सर किंवा बाई यांना विचारा: कबड्डीत कोण नेहमी बाहेर बसतं? परिपाठाला उभं राहून कोण चक्कर येऊन पडतं? जिने चढताना मध्ये कोण थांबतं? शिक्षक दोन-तीन नावं लगेच सांगतात. त्या नावांपुढे यादीत खूण करा.

त्यासोबतच ज्यांचं हृदय तपासलंच पाहिजे अशी मुलं वेगळी काढा. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांपैकी निम्म्याच्या आसपास मुलांना हृदयाचा जन्मजात दोष असतो, त्यामुळे टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झालेला नसेल तर मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) असो-नसो, त्यांना इकोला पाठवायचंच. आईला गरोदरपणी रुबेला झाला असेल तर बहिरेपणा, मोतीबिंदू आणि पीडीए हे त्रिकूट एकत्र येतं. म्हणून कर्णबधिर आणि अंध मुलांच्या शाळांत ही तपासणी अधिक बारकाईने करा. वयाच्या मानाने फारच बुटक्या मुली, अंगाने काटकुळी आणि हाताची बोटं फार लांब असलेली उंच मुलं, टाळू दुभंगलेली मुलं यांनाही याच यादीत घ्या.

टप्पा ४: पहिलं टेबल

इथे नर्स किंवा औषधनिर्माते बसू शकतात. आधी तापमान, मग वजन, उंची. गेल्या वर्षीची नोंद असेल तर आकडा नुसता लिहू नका, शेजारी ठेवून बघा. वर्षभरात वजन जवळपास वाढलेलं नसेल तर कारण शोधावं लागेल, आणि ते दर वेळी पोषण आहारात सापडत नाही.

मग हात. दोन्ही हातांची तीच बोटं नखाला नख लावून एकमेकांवर टेकवायला सांगा. निरोगी बोटांत मधे शंकरपाळ्याच्या आकाराची बारीक फट दिसते. ती फट बुजलेली असेल आणि बोटांची टोकं फुगीर असतील, तर अंगात बराच काळ ऑक्सिजन कमी पडतोय अशी शंका घ्या. मुलांना हा खेळ वाटतो आणि पाच सेकंदांत होतो.

निळेपणा जिभेवर आणि ओठांच्या आतल्या बाजूला बघा, तोही खिडकीच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली बघू नका. नुसती बोटं निळसर आणि जीभ गुलाबी असेल तर ते बहुधा थंडीमुळे. जांभळं खाऊन आलेल्या मुलाला आधी चूळ भरायला लावा.

इशारा: रक्त फार कमी असलेल्या मुलात ऑक्सिजन कमी असूनही निळेपणा दिसत नाही. आपल्याकडे रक्तक्षय एवढा आहे की ‘निळं दिसत नाही, म्हणजे ठीक’ हा निष्कर्ष धोक्याचा आहे. म्हणूनच ऑक्सिमीटर प्रत्येक मुलाला लावायचा.

ऑक्सिमीटर उजव्या हाताच्या बोटाला आणि नंतर पायाच्या अंगठ्याला. नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असेल तर दुसरं बोट घ्या. हात गार असतील तर चोळून गरम करा. आकडा स्थिर व्हायला अर्धा मिनिट द्या आणि यंत्रावरचा नाडीचा आकडा हाताने मोजलेल्या नाडीशी जुळतोय का बघा. जुळत नसेल तर ऑक्सिजनचा आकडाही खरा धरू नका. ९५ किंवा जास्त हे ठीक. ९४ किंवा कमी आला तर बसवून, हात गरम करून, दुसऱ्या बोटावर पुन्हा घ्या. तरीही कमीच असेल तर मूल पुढच्या तपासणीसाठी रुग्णालयात पाठवायचं. पायाचा आकडा हातापेक्षा ३ किंवा त्याहून जास्त अंकांनी कमी असेल आणि दोनदा तसाच आला, तर तेही पाठवायचं कारण आहे.

टप्पा ५: नाडी आणि रक्तदाब

सगळ्यात जास्त वेळा गाळला जाणारा टप्पा हाच, आणि कोआर्क्टेशन इथेच सापडतं. मूल वरवर धडधाकट, ऑक्सिजन ९९, छातीवर जवळपास काही नाही, पण महाधमनी छातीतून खाली उतरताना अरुंद झालेली. वर रक्तदाब चढलेला, पायांकडे रक्त कमी. वेळेत सापडलं नाही तर तरुणपणीच मेंदूत रक्तस्राव किंवा हृदय निकामी होण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते.

आधी उजव्या मनगटाची नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, अनियमित नाडी त्यात हरवते. श्वास घेताना ठोके जलद आणि सोडताना सावकाश होणं मुलांमध्ये नैसर्गिक आहे. थोडा वेळ श्वास रोखायला सांगितला की ताल एकसारखा होतो. एवढ्याच कारणासाठी मुलं जिल्हा रुग्णालयात पाठवून तिथली रांग वाढवू नका.

मग जांघेतली नाडी. मुलाला आधी सांगा की पायाकडे जाणारी नाडी बघायची आहे आणि हात कुठे ठेवणार आहे. पडद्याआड, मूल आडवं, पाय सैल आणि किंचित बाहेर वळलेला, आतले कपडे अंगावर तसेच. कमरेच्या पुढच्या हाडाचं टोक आणि मधलं जांघेचं हाड यांच्या साधारण मध्यावर, जांघेच्या घडीत, दोन बोटं हलकी ठेवा. दाबू नका, दाबलं की नाडी हरवते. मिळाली की दुसरा हात मुलाच्या उजव्या मनगटावर न्या आणि दोन्ही एकाच वेळी अनुभवा. दोन्ही ठोके जवळपास एकदमच लागले पाहिजेत. जांघेतला ठोका मनगटाच्या मागून आला, क्षीण लागला किंवा लागलाच नाही, तर दोष असण्याची दाट शक्यता आहे.

मूल नको म्हणालं तर आग्रह करू नका. घोट्याच्या आतल्या हाडामागची आणि पावलावरची नाडी बघा आणि पायाचा रक्तदाब घ्या.

रक्तदाब उजव्या हातात घ्यायचा, मूल पाच मिनिटं शांत बसल्यानंतर. कफच्या आतल्या फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या साधारण ४० टक्के हवी. मोठ्या माणसाचा कफ बारीक दंडाला गुंडाळला तर आकडा खोटा कमी येतो, आणि नेमकं चढलेला रक्तदाब असलेलं मूल सुटतं. १३ वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांचा मापदंड लावू नका, वय-लिंग-उंचीचा तक्ता सोबत ठेवा. हातात जास्त आला किंवा जांघेतली नाडी क्षीण वाटली, तर पायाला कफ बांधून तिथलाही घ्या. पायातला वरचा आकडा हाताइतका किंवा थोडा जास्त असतो. तो हातापेक्षा २० किंवा अधिक कमी आला, तर मूल पाठवायचं.

टप्पा ६: छाती बघा, हात ठेवा, मग ऐका

कपडे काढल्याशिवाय छाती तपासता येत नाही. मुलग्यांचा शर्ट-बनियन दोन्ही काढा. मुलींसाठी पडदा, महिला डॉक्टर आणि एका वेळी लागेल तेवढाच भाग उघडा.

आधी डोळे. छातीचं हाड डावीकडे फुगलंय का? ठोक्यागणिक छातीची भिंत उचलली जातेय का? शांत बसूनही बरगड्या आत ओढल्या जातात का? जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण आहे का? मेळघाटासारख्या भागांत पोटावर जुन्या चटक्यांचे व्रण दिसले, तर ते कशासाठी दिले होते ते जरूर विचारा. तान्हेपणी धाप आणि पोटफुगी होती, असं उत्तर आलं तर त्या मुलाला जास्त वेळ द्या.

मग तळहात. ठोका डाव्या बाजूलाच आहे ना? हृदय उजवीकडे असलेलं मूल स्टेथोस्कोप डावीकडेच ठेवणाऱ्याला ‘हळू ठोके’ म्हणून पास होतं. तळहाताखाली मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागली, तर पुढे काहीही ऐकू आलं तरी मूल पाठवायचं हे इथेच ठरलं.

आता स्टेथोस्कोप. पंखा बंद, खोलीत बोलणं बंद. सहा जागा: छातीच्या हाडाच्या वरच्या टोकाला उजवीकडे, तिथेच डावीकडे, डाव्या कडेला खाली, ठोका लागतो तिथे, डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली, आणि पाठीवर दोन खवाट्यांच्या मधे. शेवटच्या दोन जागा गाळल्या की पीडीए आणि कोआर्क्टेशन गाळले गेले. मूल आडवं असताना ऐका, मग बसवून ऐका, मग उभं करून.

मर्मर शोधायच्या आधी दुसरा ठोका ऐका. हाडाच्या डाव्या कडेला वरती डायफ्रॅम ठेवा, मुलाला सावकाश श्वास घ्यायला सांगा. निरोगी मुलात श्वास घेताना दुसऱ्या ठोक्याचे दोन तुकडे ऐकू येतात आणि सोडताना ते एकत्र येतात: ‘लब्-ड-डप्’, मग ‘लब्-डप्’. श्वास कसाही असला तरी तुकडे तसेच वेगळे राहिले, तर एएसडीची शंका. मूल बसलेलं असताना हे पुन्हा खात्रीने ऐका. एएसडीत मर्मर मऊ असतो, कधी कधी जवळपास नसतोच. सापडतं ते या न मिटणाऱ्या फटीवरून. ज्यांना याची सवय नाही त्यांनी आधी निरोगी मुलांचा दुसरा ठोका मनापासून ऐकावा, म्हणजे वेगळा ठोका कानाला आपोआप खटकतो. दुसरा ठोका फार ठणठणीत वाजत असेल तर फुप्फुसातला दाब चढलेला असू शकतो, आणि ते लवकर पाठवायचं कारण आहे.

आता मर्मर. लहान मुलांमध्ये निरुपद्रवी मर्मर फार सामान्य आहे, आणि तो ओळखता आला नाही तर अर्धा वर्ग इकोला पाठवावा लागेल. तो मऊ असतो, ठोक्याच्या पहिल्या भागात असतो, तंतू छेडल्यासारखा गुंजतो, खालच्या डाव्या कडेला ऐकू येतो आणि मूल उठून बसलं की कमी होतो. गळपट्टीच्या हाडाखाली सतत घरघर येत असेल तर मुलाला झोपवा किंवा मान वळवायला सांगा. ती नाहीशी झाली तर शिरेतला साधा आवाज, आणि आडवं झाल्यावरही तशीच राहिली तर पीडीए समजून पाठवा.

पाठवायलाच हवेत असे मर्मर: पहिल्या ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत सलग चालणारा, दुसऱ्या ठोक्यानंतर येणारा, थरथर असलेला, पाठीवर किंवा मानेत जाणारा, आणि उभं राहिल्यावर वाढणारा. शेवटचा प्रकार हृदयाचे स्नायू जाड होण्याच्या आजारात येतो. हा आजार असलेलं मूल मैदानावर अचानक कोसळू शकतं, म्हणून उभं करून ऐकणं टाळू नका.

इशारा: मोठा आवाज म्हणजे मोठं छिद्र, असं नसतं. खालच्या कप्प्यांमधलं लहान छिद्र जोरात वाजतं. मोठं छिद्र, त्यात फुप्फुसाचा दाब चढलेला असेल तर, जवळपास गप्प होतं. धोका मोजणं हे कानाचं नाही, इकोचं काम आहे.

ही सगळी मेहनत फक्त जन्मजात दोषांसाठी नाही. ५ ते १५ वयात संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेली मुलंही याच तपासणीत सापडतात. दोष जन्मजात की नंतरचा हे शाळेत ठरवत बसू नका. पाठवा, आजार तो निघाला तर पेनिसिलिनची नियमित इंजेक्शनं त्या मुलाच्या झडपा वाचवू शकतात.

टप्पा ७: चारपैकी एक निर्णय

‘निरीक्षणाखाली’ असा शेरा कोणाच्याही नावापुढे नको. त्याचा अर्थ पुढे कोणीच काही करत नाही, असा होतो. प्रत्येक मुलापुढे चारपैकी एक निर्णय लिहा.

आजच पाठवा: ऑक्सिजन ९० च्या खाली, बसल्या जागी धाप, खेळताना शुद्ध हरपल्याचा इतिहास, पायांवर सूज किंवा वाढलेलं यकृत, आधीच हृदयरोग माहीत असलेल्या मुलाला काही दिवसांचा ताप.

दोन आठवड्यांत इको: वरच्या टप्प्यांत ‘पाठवायचं’ म्हणून आलेलं काहीही. एक खूण पुरे, दोन जुळायची वाट बघू नका.

पुन्हा ऐका: अंगात ताप किंवा रक्तक्षय, मर्मर मऊ, बाकी सगळं ठीक. ताप उतरल्यावर दोन आठवड्यांनी, रक्तक्षयावर उपचार सुरू केल्यावर दोन महिन्यांनी. तारीख आणि तपासणाऱ्याचं नाव आत्ताच लिहा. मर्मर तेव्हाही असेल तर इको.

सामान्य: सगळे टप्पे पूर्ण झाल्यावरच.

इशारा: निळेपणा असलेलं मूल शाळेतच अचानक जास्त निळं पडून जोरजोरात श्वास घेऊ लागलं, तर त्याचे गुडघे छातीशी दाबून धरा, जवळ घेऊन शांत करा, भोवतीची गर्दी हटवा आणि १०८ ला फोन करा. चालवत किंवा मोटारसायकलवर बसवून नेऊ नका.

टप्पा ८: पालकांशी बोलणं

वर्गासमोर मुलाला काहीही सांगायचं नाही. ‘हिच्या हृदयाला छिद्र आहे’ हे वाक्य संध्याकाळपर्यंत गावभर होतं, आणि मुलगी असेल तर आईवडिलांना पहिली काळजी तिच्या लग्नाची पडते. मग ते मूल तपासणीला यायचंच बंद होतं. पालकांना बोलावून घ्या, बसवा, आणि एवढंच सांगा: ‘ताई, हिच्या ठोक्यांमध्ये एक जादा आवाज येतोय. तो साधा पण असू शकतो. नक्की काय ते सोनोग्राफीसारख्या एका तपासणीत कळतं. सुई टोचत नाहीत, दुखत नाही. अमुक दिवशी अमुक ठिकाणी जायचंय.’

‘आपोआप भरून येईल’ असं सांगू नका. खालच्या कप्प्यांमधली बरीच लहान छिद्रं पहिल्या काही वर्षांत बुजतात हे खरं, पण शाळेच्या वयात सापडलेल्या मोठ्या एएसडीची तशी वाट बघण्यात अर्थ नाही. मोठ्या छिद्रामुळे फुप्फुसातला दाब वर्षानुवर्षं चढत गेला, तर एका टप्प्यानंतर छिद्र बंद करणंही शक्य राहत नाही. आणि इको होईपर्यंत खेळ सरसकट बंद करू नका. चक्कर, छातीत दुखणं किंवा निळेपणा असेल तरच.

टप्पा ९: चिठ्ठीपासून इकोपर्यंत

सापडलेली मुलं जास्त करून इथेच हरवतात. पालकांच्या हातात संदर्भ चिठ्ठी दिली, रजिस्टरला नोंद झाली, आणि मजुरी बुडवून जिल्ह्याला जाणं काही झालं नाही. म्हणून नुसती चिठ्ठी देऊ नका. इकोची तारीख आधी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडून (आरबीएसकेत सापडलेली मुलं पुढच्या तपासणीसाठी जातात ते केंद्र) घ्या, मग चिठ्ठीवर ती लिहा. गावच्या आशाताईंना नाव सांगा. एकाच भागातली मुलं एकाच दिवशी नेता आली तर गाडी ठरवता येते. इको मुलांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडून किंवा मुलांच्या इकोचा सराव असलेल्या डॉक्टरांकडून व्हावा असा आग्रह धरा.

कागदपत्रं त्याच दिवशी बघून घ्या, शस्त्रक्रिया ठरल्यावर नको. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया होतात, पण गाडी अडते ती रेशनकार्डावर. मुलाचं नाव कार्डावर चढलेलंच नसतं, किंवा आधारवर एक स्पेलिंग आणि कार्डावर दुसरं. तहसीलमधून नाव चढवायला वेळ लागतो, म्हणून शंका आली त्याच आठवड्यात ते काम सुरू करायला सांगा. शाळेचं बोनाफाइड आणि जन्माचा दाखला मुख्याध्यापकांनी लगेच तयार ठेवावा. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, पालकांनी आधी त्यांच्याकडे जायचं हेही सांगा.

पडताळा: एका वहीत प्रत्येक संशयित मुलापुढे पाच रकाने: इकोची तारीख, इको झाला का, निष्कर्ष, पुढचं उपचाराचं ठिकाण, उपचार झाला का. दर महिन्याला वही उघडा. रिकामा रकाना दिसला की फोन करा. किती मुलं तपासली हा आकडा अहवालात कितीही मोठा असो, तपासणीचा खरा निकाल या वहीतच दिसतो.

टप्पा १०: परत शाळेत

छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर छातीचं हाड जुळायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर जड दप्तर, ढकलाढकली, सायकल, झाडावर चढणं नको. पायाच्या शिरेतून बटण बसवून छिद्र बंद केलं असेल तर मूल लवकर परततं. त्यानंतर खेळायचं की नाही हे हृदयरोगतज्ज्ञांनी कागदावर लिहून द्यावं आणि तो कागद खेळाच्या शिक्षकांकडे असावा. नाहीतर बरं झालेलं मूल ‘हार्टपेशंट’ म्हणून दहावीपर्यंत पायरीवर बसून राहतं.

दातांकडे लक्ष ठेवा. किडलेल्या दातांतले जंतू रक्तातून हृदयात जाऊन बसू शकतात, म्हणून या मुलांनी दात रोज दोनदा घासावेत आणि दात काढण्याआधी दंतवैद्यांना हृदयाबद्दल सांगावं. कोणताही ताप चार-पाच दिवस टिकला तर गावातल्या दुकानातून प्रतिजैविकं आणून न देता रक्ततपासणी आधी.

मूल शाळा बदलत असेल, चौथीनंतर किंवा सातवीनंतर, तर इकोच्या अहवालाची प्रत शाळा सोडल्याच्या दाखल्यासोबत पालकांच्या हातात द्या, आणि नव्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करून ती मिळाली का ते विचारा.